कुस्तीच्या रिंगणातील खलमंडळ

आपल्या भागात कुस्ती हा शब्द उच्चारला की लाल माती, हलगीचा कडकडाट, शड्डूचा आवाज आणि मैदानाभोवती दाटीवाटीने बसलेली माणसे डोळ्यांपुढे येतात. बेळगावचे आनंदवाडीचे मैदान असो, शाहू महाराजांच्या काळात १९१२ साली उभे राहिलेले कोल्हापूरचे खासबाग असो, की निपाणी-चिकोडीकडील एखाद्या गावच्या यात्रेतला फड असो, तेथे एक गोष्ट ठरलेली असते. पाठ मातीला लागेपर्यंत कोण जिंकणार हे कोणालाच ठाऊक नसते. वस्तादाला नाही, पंचाला नाही आणि पैलवानालाही नाही.

जगात कुस्तीचा दुसराही एक प्रकार आहे. तेथे निकाल आधी ठरतो आणि कुस्ती मागाहून होते. त्यास व्यावसायिक कुस्ती म्हणतात. आपल्याकडे तिला पूर्वी 'फ्री स्टाइल' म्हणत. नंतर दूरदर्शन संचाच्या कृपेने मुलांच्या तोंडी अमेरिकन कंपनीचे नावच बसले. या कुस्तीत मल्ल असतात तसे नटही असतात. किंबहुना मल्ल आणि नट हे एकाच देहात असतात. प्रस्तुत लेखात या कुस्तीतील एका खास योजनेचा विचार करावयाचा आहे. ती योजना म्हणजे खलमंडळ, अर्थात खलनायकांची टोळी. उदाहरणही दूरचे नाही. आपल्यापासून एका रात्रीच्या प्रवासावर असलेल्या पुण्यात २०१२ साली अशी एक टोळी पडद्यावर अवतरली आणि तीन महिन्यांत नाहीशीही झाली. तिचे नाव 'आरडीएक्स'.

हा विषय महाविद्यालयीन अंकात कशाला, असे काही प्राध्यापक महाशय म्हणतील. त्याचे उत्तर लेखाच्या अखेरीस आपोआप मिळेल अशी आशा आहे.

नाटक आणि कुस्ती

व्यावसायिक कुस्तीत सज्जन मल्लाला 'फेस' आणि दुर्जन मल्लाला 'हील' म्हणतात. सज्जन नियम पाळतो, मुलांशी हस्तांदोलन करतो, पडला तरी उठतो. दुर्जन पंचाची नजर चुकवून डोळ्यांत बोटे घालतो, दोर धरून चीत करतो, खुर्ची उचलून पाठीत घालतो आणि वर ध्वनिक्षेपक घेऊन प्रेक्षकांच्या गावाची नालस्ती करतो. हे सारे संहितेप्रमाणे चालते. ही संहिता बाहेर फुटू न देणे, रिंगणाबाहेरही आपली भूमिका न सोडणे, हा या धंद्यातील जुना दंडक होता. त्याला 'केफेब' असा चमत्कारिक शब्द आहे.

हा दंडक किती कडक होता याचा एक किस्सा सांगण्याजोगा आहे. मे १९८७ मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात पोलिसांनी एक मोटार अडवली. आत अमली पदार्थ सापडले. पण कुस्तीच्या शौकिनांना धक्का बसला तो निराळ्याच गोष्टीचा. मोटारीत 'आयर्न शेख' हा खल आणि जिम डगन हा देशभक्त सज्जन शेजारी शेजारी बसले होते! रिंगणात एकमेकांच्या जिवावर उठलेले हे दोघे एकाच गाडीने पुढच्या मुक्कामाला निघाले होते. त्यांना कामावरून दूर करण्यात आले.

पुढे दोनच वर्षांत, १९८९ मध्ये, त्यांच्या कंपनीने त्याच न्यू जर्सी राज्याच्या विधिमंडळापुढे कबूल केले की आमची कुस्ती ही स्पर्धा नसून करमणूक आहे. ही कबुली सत्यप्रेमातून आली नव्हती. स्पर्धात्मक खेळ म्हटला की सरकारी नियंत्रण, परवाने आणि कर आले. करमणूक म्हटली की त्यातून सुटका. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने ही घटना लक्षात ठेवावी. शेकडो पत्रकारांना जे रहस्य मालकांच्या तोंडून वदवता आले नाही, ते कराच्या आकारणीने वदवले.

आपल्याकडे ठरवून खेळलेल्या कुस्तीला 'नुरा कुस्ती' म्हणतात आणि ते शिवीसारखे वापरतात. मातीच्या फडात नुरा कुस्ती म्हणजे फसवणूकच, कारण तेथे लोकांना खऱ्या झुंजीचे वचन दिलेले असते. पण दशावतारात काळ्या वेषातला संकासुर येतो तेव्हा हा खरा राक्षस आहे काय, असे कोणी विचारत नाही. श्रीकृष्ण पारिजात पाहणारा गोकाककडचा शेतकरी सत्यभामेचा रुसवा खोटा आहे म्हणून उठून जात नाही. वचन कोणते दिले आहे यावर फसवणूक ठरते. फ्रेंच समीक्षक रोलां बार्थ यांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधसंग्रहात या कुस्तीला खेळाच्या नव्हे, तर नाटकाच्या पंक्तीला बसवले, ते याच दृष्टीने.

दारा सिंग आणि एकटा खल

भारताला हा प्रकार नवा नाही. १९५०च्या दशकात मुंबईसह अनेक शहरांत दारा सिंग आणि किंग काँग यांच्या कुस्त्यांना तुडुंब गर्दी होई. किंग काँगचे खरे नाव एमिल झाया. तो मूळचा हंगेरियन, देहाने अवाढव्य, दाढी राखलेला. देखणा पंजाबी जवान एका बाजूला आणि हा डोंगर दुसऱ्या बाजूला, एवढे चित्र भिंतीवरच्या कागदावर छापले की तिकिटे खपत. १९५९ मध्ये कलकत्त्यास दारा सिंगने जॉर्ज गोर्डिएन्को यास हरवून राष्ट्रकुल किताब घेतला आणि १९६८ मध्ये मुंबईत लू थेझ या नामवंत अमेरिकन मल्लावर विजय मिळवला. पुढे १९८७ पासून तोच दारा सिंग दूरदर्शनच्या रामायणात हनुमान म्हणून घरोघर पोहोचला. त्याचे निधन १२ जुलै २०१२ रोजी मुंबईत झाले.

त्या काळचा खल एकटा असे. आज या गावी, उद्या त्या गावी, प्रत्येक ठिकाणी एक रात्र. एका रात्रीच्या खेळाला एक राक्षस पुरतो. पण दूरचित्रवाणीवर दर आठवड्याला तोच खेळ चालवायचा झाला तर एका राक्षसाने भागत नाही. तेथे टोळी लागते.

टोळी कशासाठी?

याचा उलगडा वाणिज्याच्या भाषेत सोपा होतो. खल जो अन्याय करतो ती प्रेक्षकाच्या खतावणीतील थकबाकी होय. नायकाने शेवटी खलाला लोळवले की ती वसूल होते. वसुली लगेच झाली तर खाते बंद होते आणि पुढच्या आठवड्यास गिऱ्हाईक येत नाही. वसुली फारच लांबली तर प्रेक्षक ती रक्कम बुडीत धरतो आणि उठून जातो. तेव्हा थकबाकी वाढती ठेवणे, पण बुडीत होऊ न देणे, हे या धंद्यातील खरे कसब. टोळी ते तीन प्रकारे साधते.

पहिला प्रकार असा. नायक हरला पाहिजे, नाहीतर कथा पुढे सरकत नाही. पण एकास एक अशा झुंजीत तो हरला तर त्याची किंमत घसरते. चौघांनी मिळून त्याला खाली पाडले तर तो हरतो, तरी त्याची किंमत कायम राहते. उलट लोकांची सहानुभूती वाढते. म्हणजे टोळी ही खलांपेक्षा नायकाच्याच अब्रूची राखण करते.

दुसरा प्रकार श्रमविभागणीचा. एखादा बोलण्यात पटाईत असतो, पण वयाने थकलेला. दुसरा अंगाने रेडा, पण त्याला चार वाक्ये धड बोलता येत नाहीत. तिसरा चपळ, पण अनोळखी. तिघांना एकत्र बांधले की बोलणारा मेंदू होतो, रेडा दंड होतो आणि चपळ पोरगा काड्या घालणारा होतो. प्रत्येकाची उणीव दुसऱ्याने भरून निघते.

तिसरा प्रकार पतीचा. नव्या पोराला जुन्या नामांकिताच्या शेजारी उभे केले की त्याची थोडी पत नव्याला आपोआप मिळते. नव्या भागीदाराचे नाव जुन्या पेढीच्या पाटीवर चढावे, तसे हे आहे.

या युक्तीचे सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकेतील 'न्यू वर्ल्ड ऑर्डर'चे. ७ जुलै १९९६ रोजी हल्क होगन, जो इतकी वर्षे मुलांचा आवडता सज्जन होता, तो एकाएकी स्कॉट हॉल व केविन नॅश या दोघा खलांना जाऊन मिळाला. प्रेक्षकांनी रिंगणात कचरा फेकला. त्या जोरावर त्यांच्या कंपनीने दीड वर्षाहून अधिक काळ प्रतिस्पर्धी कंपनीला प्रेक्षकसंख्येत मागे टाकले. पण यशाने लोभ सुटला. टोळीत भरतीवर भरती झाली, १९९८ मध्ये तिचे दोन तट पडले, वसुली लांबत गेली आणि २००१ च्या मार्चमध्ये ती कंपनीच प्रतिस्पर्ध्याला विकली गेली. चलन भरमसाठ छापले की त्याची किंमत उतरते, हे अर्थशास्त्रात आपण शिकतो. खलांचेही तसेच आहे.

पुण्यातील आरडीएक्स

आता आपल्या मुख्य उदाहरणाकडे वळू. 'टोटल नॉनस्टॉप अॅक्शन' या अमेरिकन कुस्ती कंपनीने भारतासाठी 'रिंग का किंग' नावाचा हिंदी कार्यक्रम तयार केला. त्याचे चित्रीकरण डिसेंबर २०११ मध्ये पुण्यास बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडा संकुलात झाले. २८ जानेवारी ते २२ एप्रिल २०१२ या काळात 'कलर्स' वाहिनीवर दर शनिवारी व रविवारी, असे एकूण २६ भाग दाखवले गेले. जाहिरातीसाठी क्रिकेटपटू हरभजन सिंग याला पुढे करण्यात आले होते.

या कार्यक्रमातील खलमंडळ म्हणजे आरडीएक्स. तिचा म्होरक्या जेफ जॅरेट. याने २००२ साली आपल्या वडिलांबरोबर मूळ अमेरिकन कंपनी स्थापन केली होती आणि पुण्याच्या या उपक्रमाच्या उभारणीतही पडद्यामागे त्याचा मोठा वाटा होता. म्हणजे रिंगणात जो कार्यक्रम उधळून लावायला निघाला होता, तोच प्रत्यक्षात तो उभा करणाऱ्यांपैकी एक! त्याच्या जोडीला स्कॉट स्टायनर होता. हा विद्यापीठात शिकत असताना खरी स्पर्धात्मक कुस्ती गाजवलेला. मुखवटा घालणारा धिप्पाड अॅबिस होता. 'सर ब्रूटस मॅग्नस' हे नाव घेतलेला इंग्रज निक ऑल्डिस होता. भारतीय वंशाचा अमेरिकन मल्ल सोंजय दत्त होता आणि 'डेडली डंडा' या नावाचा मल्लही होता. मेंदू, दंड, मुखवटा, तोरा, चपळाई आणि दांडका, अशी ही नमुनेदार विभागणी होती.

टोळीचे नाव निवडण्यातही हिशेब होता. हा शब्द आपल्या घराघरांत पोहोचला तो १२ मार्च १९९३ च्या मुंबईतील बॉम्बस्फोटांनंतर. त्यांत २५७ माणसे मृत्युमुखी पडली. एका स्फोटकाचे नाव टोळीला दिले की तिचा परिचय करून देण्यात एक मिनिटही घालवावे लागत नाही. भीती आयती मिळते. व्यापारात नावलौकिकाला किंमत असते, तशी येथे दुर्लौकिकाला आहे. परंतु ज्यांची माणसे त्या दिवशी गेली, त्यांना हे नाव शनिवारच्या करमणुकीत ऐकताना काय वाटले असेल, हा प्रश्न हिशेबाच्या कोणत्याही रकान्यात बसत नाही. तो मला महत्त्वाचा वाटतो.

कथा सरळ होती. जागतिक किताबाच्या पहिल्या स्पर्धेत मॅट मॉर्गन या उंचपुऱ्या अमेरिकन मल्लाने अंतिम फेरीत मॅग्नसला हरवले. पुढे टोळीच्या बळावर मॅग्नसने तो पट्टा मिळवला. अखेरीस 'महाबली वीरा' या नावाने उतरलेल्या अमनप्रीत सिंग या पंजाबी तरुणाने मॅग्नसकडून पट्टा जिंकला आणि प्रेक्षकांची थकबाकी वसूल झाली. जोडीच्या किताबाचे मानकरी म्हणून 'बॉलिवूड बॉइज' हे कॅनडातील दोघे शीख बंधू गाजले.

येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. परदेशी म्हणजे खल आणि भारतीय म्हणजे सज्जन, असा सरधोपट हिशेब या कार्यक्रमात नव्हता. मॉर्गन अमेरिकन असून सज्जन होता. सोंजय दत्त भारतीय वंशाचा असून खल होता. फितूर आणि मित्र या दोन भूमिका असल्या की कथेला धार येते, हे किल्ल्यांच्या इतिहासावर वाढलेल्या आपल्या वाचकांना सांगावयास नको.

आयुष्य अल्प का?

उद्यमबागेतील फाउंड्रीत ज्याने काम पाहिले आहे त्याला याचे उत्तर चटकन समजेल. तेथे लाकडाचा किंवा अॅल्युमिनियमचा पॅटर्न असतो. तो बॉक्समध्ये ठेवून भोवती वाळू ठोकून भरतात, पॅटर्न अलगद काढून घेतात आणि मोकळ्या जागेत वितळलेले लोखंड ओततात. लोखंड थंड झाले की वाळूचा साचा मोडतात आणि कास्टिंग बाहेर काढतात. साचा एकदाच उपयोगी पडतो. पॅटर्न मात्र धुऊनपुसून फळीवर ठेवला जातो, उद्याच्या ओतकामासाठी.

खलमंडळाचे हेच आहे. आरडीएक्स हा वाळूचा साचा होता. महाबली वीराला नायक म्हणून ओतून काढले, साचा मोडला, काम झाले. खलाचा पराभव हाच त्याच्या अस्तित्वाचा हेतू असल्याने तो जितका यशस्वी, तितका लवकर संपणारा. शिवाय कार्यक्रम तेरा आठवड्यांचा होता आणि चित्रीकरण आधी होऊन प्रसारण मागाहून झाले. त्यामुळे लोकांना कोणता खल अधिक भावतो हे पाहून कथा वळवण्यास वाव नव्हता. दुसरे पर्व झालेच नाही, आणि रिंगणासकट टोळीही इतिहासजमा झाली.

कास्टिंग मात्र पुढे निरनिराळ्या यंत्रांत बसली. मॅग्नसने डिसेंबर २०१३ मध्ये मूळ अमेरिकन कंपनीचा जागतिक किताब मिळवला. महाबली वीरा हा 'महाबली शेरा' या नावाने त्याच कंपनीत खेळला. मॅट मॉर्गन तर पुढे राजकारणात उतरून फ्लोरिडातील लाँगवुड या शहराचा महापौर झाला.

सर्वांत बोधप्रद गोष्ट त्या शीख बंधूंची आहे. पुण्यात ते नाचत रिंगणात आले तेव्हा प्रेक्षकांनी त्यांना डोक्यावर घेतले. २०१७ मध्ये तेच दोघे अमेरिकेतील सर्वांत मोठ्या कंपनीत 'सिंग बंधू' म्हणून जिंदर महल या कॅनडियन पंजाबी मल्लाचे साथीदार झाले. त्या वर्षी मे महिन्यात महलने जागतिक किताब मिळवला आणि नोव्हेंबरपर्यंत राखला. त्या कथेत हे तिघे खल होते. माणसे तीच, चेहरे तेच, पंजाबी बोलही तेच. बदलले होते ते फक्त समोर बसलेले प्रेक्षक. पुण्यात 'आपला' म्हणून ज्यांना टाळ्या मिळाल्या, त्यांनाच शिकागोत 'परका' म्हणून शिट्ट्या मिळाल्या.

खोटे किती, खरे किती?

निकाल खोटा म्हणून सारेच खोटे, असे समजणे चुकीचे आहे. ठरवून पडले तरी पडावे लागतेच. रिंगणाखाली लोखंडी तुळया आणि फळ्या असतात, वर पातळसे अस्तर असते. रोज त्यावर आदळणाऱ्या पाठीला संहिता ठाऊक नसते. २३ मे १९९९ रोजी कॅन्सस सिटीत ओवेन हार्ट हा मल्ल छतावरून दोराने खाली उतरण्याचा देखावा करताना पडला आणि मरण पावला. कार्यक्रम तसाच पुढे चालू ठेवण्यात आला, आणि त्याबद्दल कंपनीवर सडकून टीका झाली.

मातीतल्या पैलवानाची कथा वेगळी, पण व्यथा जवळची आहे. खुराकासाठी घरचे दूध-तूप आणि बदाम, सकाळ-संध्याकाळ तालीम, हंगामात दोन-चार मैदाने आणि गुडघा निखळला की सारे संपले. सांगण्यासारखी विमा योजना नाही आणि ठरलेला पगारही नाही. रिंग का किंगसारखा कार्यक्रम येतो तेव्हा तालमीतल्या पोराला क्षणभर वाटते की आपल्या अंगाला बाजारभाव आहे. तो बंद पडतो तेव्हा भावही जातो. करमणुकीचा धंदा करण्यास हरकत नाही. पण ज्याच्या हाडांवर तो उभा राहतो त्याच्या म्हातारपणाची तरतूद आधी मांडावी, मग नफा मोजावा. हिशेबशास्त्रातही तरतूद आधी येते आणि नफा मागाहून येतो.

रिंगणाबाहेर

आता सुरुवातीच्या शंकेचे उत्तर. खलमंडळाचा पॅटर्न फक्त कुस्तीवाल्यांच्या फळीवर नाही. तो कोणीही उचलू शकतो. एक गट निवडावा, त्याला भीतिदायक नाव द्यावे, त्याच्या प्रत्येक कृतीची थकबाकी लोकांच्या खतावणीत मांडत जावी आणि वसुलीसाठी एक नायक उभा करावा. रिंगणात ही युक्ती निरुपद्रवी असते, कारण खेळ संपल्यावर खल आणि नायक एका गाडीने मुक्कामाला जातात. रस्त्यावर ती निरुपद्रवी राहत नाही. तेथे दगड खरा असतो, काच खरी असते आणि बंद पडलेल्या एस.टी.मुळे हुकलेली परीक्षाही खरी असते.

आपण सीमाभागातले विद्यार्थी हे जाणतो. १९५६ सालच्या राज्यपुनर्रचनेपासूनचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आहे. तो कोणी कसा सोडवावा हा या लेखाचा विषय नव्हे आणि त्यावर प्रत्येकाचे प्रामाणिक मत असू शकते. पण मत असणे निराळे आणि शेजारच्या बाकावरच्या मुलाला खलमंडळाचा सभासद समजणे निराळे. मी मराठी माध्यमात शिकलो, कन्नड मित्रांत वाढलो. आम्ही ज्याला तालीम म्हणतो त्याला ते 'गरडी मने' म्हणतात. पैलवान मात्र दोन्हीकडे पैलवानच. मातीही एकच, आणि ती अंगाला लागली की धुवायला पाणीही एकच लागते.

मातीच्या फडाने आपल्याला याबाबत एक चांगले उदाहरण घालून दिले आहे. १९५९ साली दिल्लीत पंजाबच्या बंता सिंगला हरवून पहिले हिंद केसरी ठरलेले श्रीपती खंचनाळे हे आपल्या बेळगाव जिल्ह्यातील, चिकोडी तालुक्यातल्या एकसंब्याचे. त्यांची कुस्ती फुलली ती कोल्हापुरात. डिसेंबर २०२० मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा हळहळ सीमेच्या दोन्ही बाजूंस होती. ते कर्नाटकाचे की महाराष्ट्राचे, असा वाद घालणारा कोणी भेटला तर त्याला सांगावे की बंता सिंगला हा प्रश्न पडला नव्हता. त्याला फक्त त्यांची पकड जाणवली होती. आणि बंता सिंगही त्या कुस्तीत खल नव्हता. मातीच्या कुस्तीत प्रतिस्पर्धी असतो, खल नसतो. सलामी झडते, हात मिळतात, कुस्ती होते. चांगली लढत देऊन हरलेल्यालाही लोक फेट्यात पैसे बांधून पाठवतात.

आरडीएक्सची टोळी पाहून हसावे, शिट्ट्या वाजवाव्यात, महाबली वीरा जिंकला की टाळ्याही वाजवाव्यात. त्यात काही वावगे नाही. तिकिटाचे पैसे त्याचसाठी असतात. मात्र रिंगणाबाहेर कोणी एखादी टोळी दाखवून आपणास शिट्ट्या वाजवावयास सांगितले, तर कोणत्याही सुज्ञ हिशेबनिसाप्रमाणे तीन गोष्टी तपासून घ्याव्यात. ही संहिता कोणी लिहिली? मार कोणाला लागणार? आणि खेळ संपल्यावर गल्ला कोणाच्या घरी गेला?